नट मोठं संगीतनाटक बसवतो तेव्हा

न्यूयॉर्कच्या गर्शविन थिएटरमध्ये 30 ऑक्टोबर 2003 रोजी 'विकेड'चा शुभारंभाचा प्रयोग झाला. करोनाच्या काळातल्यासारखे खंड सोडले तर हे संगीतनाटक तेव्हापासून त्याच थिएटरात चालू आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी हिरव्या कातडीची एल्फबा ('विझर्ड ऑफ ऑझ'च्या गोष्टीतली दुष्ट चेटकीण, जिची बाजू हे नाटक सांगतं) वर उचलली जाते, तिच्या काळ्या झग्याचा घेर खाली पसरत जातो, धुरातून प्रकाशाचे झोत सुटतात. हे बसवणारा दिग्दर्शक जो मँटेलो मुळात नट. नाच, संगीत किंवा यंत्रं हे त्याचं क्षेत्र कधीच नव्हतं. त्याच्या दहा वर्षं आधी तो ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, भूमिका करत होता आणि टोनी या तिथल्या मानाच्या नाट्यपुरस्काराचं त्याचं पहिलं नामांकनही अभिनयासाठीचं होतं.

बोलक्या, छोट्या नाटकांतला नट एवढ्या अवाढव्य निर्मितीपर्यंत कसा पोचतो, मधल्या काळात त्याला काय काय शिकावं लागतं आणि त्याचं नटपण तिथे कशाला उपयोगी पडतं, हे समजून घ्यायला मँटेलोइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही. 'विकेड'वर आलेल्या सिनेमांमुळे ही गोष्ट आता आपल्याकडेही पुष्कळांच्या ओळखीची झाली आहे. म्हणून त्याच्याच वाटेनं जाऊ.

एवढ्या माणसांत दिग्दर्शकाचं काम कोणतं?

ब्रॉडवेच्या संगीतनाटकात कामांची वाटणी फार काटेकोर असते. 'विकेड'चं संगीत आणि गीतं स्टीफन श्वॉर्ट्झची, संहिता विनी होल्झमनची, नाच बसवले वेन सिलेंटोनं, नेपथ्य यूजीन लीचं, वेशभूषा सुझन हिल्फर्टीची, प्रकाशयोजना केनेथ पोझनरची. त्याशिवाय नटांकडून गाणी बसवून घेणारा आणि प्रयोगात वाद्यवृंद चालवणारा संगीत दिग्दर्शक, ध्वनीची माणसं, क्यू, म्हणजे दिवा, आवाज, देखावा नेमका कधी बदलायचा याची खूण, देणारा स्टेज मॅनेजर. प्रत्येक जण आपापल्या कामात तरबेज. मग दिग्दर्शकाकडे उरतं काय?

त्याच्याकडे सांधे उरतात. संवाद संपून गाणं सुरू होतं ती जागा, गाण्यातून नाच निघतो ती जागा, एक देखावा विरघळून दुसरा येतो ती जागा. या प्रत्येक ठिकाणी प्रेक्षकाची नजर कोणावर असायला हवी आणि त्या पात्राला तेव्हा काय हवंय, हे ठरवणारा माणूस एकच असावा लागतो. नाहीतर प्रत्येक विभाग आपापलं उत्तम काम करतो आणि गोष्ट कुठल्या कुठे जाते. सगळ्यात अवघड सांधा अर्थातच बोलण्याकडून गाण्याकडे जाणारा. इतका वेळ साधं बोलणारा हा माणूस आत्ताच का गायला लागला? याचं उत्तर प्रेक्षकाला आतून पटलं नाही, तर आवाज कितीही गोड असो, गाणं उपरं वाटतं.

आपल्या संगीत रंगभूमीनं हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला होता. बालगंधर्वांचं पद ऐकायलाच लोक तिकीट काढत. पद आलं की गोष्ट थांबे, गायक नट ते रंगवी, वन्समोअर येई, आणि त्यात कोणालाच काही खटकत नसे. ब्रॉडवेवर, विशेषतः 1943 च्या 'ओक्लाहोमा!' या संगीतनाटकानंतर, अपेक्षा बरोबर उलटी झाली. गाण्याच्या सुरुवातीला पात्र जिथे होतं, तिथेच ते गाण्याच्या शेवटी राहता कामा नये. काहीतरी ठरायला हवं, एखादं नातं तुटायला किंवा जुळायला हवं. शिवाय वाद्यमेळ मात्रा मोजून लिहिलेला असल्यामुळे नटाला आज मूड लागला म्हणून जागा वाढवता येत नाही. भावना जिवंत हवी आणि तिला मिळणारा वेळ मात्र कागदावर ठरलेला. या पेचातून नटाला वाट काढून देणं, हे संगीतनाटकाच्या दिग्दर्शकाचं रोजचं काम.

रुळलेली वाट आणि आडवाट

अमेरिकेत या खुर्चीपर्यंत जाणारी रुळलेली वाट नाचातून जाते. 'वेस्ट साइड स्टोरी' (1957) बसवणारा जेरोम रॉबिन्स, बॉब फॉसी, 'अ कोरस लाइन'चा (1975) मायकेल बेनेट, 'द प्रोड्युसर्स'ची (2001) सुझन स्ट्रोमन, ही सगळी नाचातून आलेली माणसं. त्यामागचं कारण व्यावहारिक आहे. रंगमंचावरची पंचवीस-तीस माणसं संगीताच्या मात्रांवर हलवणं त्यांना आधीपासून येत असतं, आणि कोट्यवधी डॉलर लावणाऱ्या निर्मात्याला त्याची खात्री हवी असते. नटांमधून आलेले कमी. जेरी झाक्स हे एक ठळक नाव. तो 'ग्रीस'मध्ये ब्रॉडवेवर काम करायचा, आणि पुढे 1992 मध्ये 'गाइज अँड डॉल्स' बसवून त्यानं दिग्दर्शनाचं टोनी मिळवलं.

मँटेलोचा जन्म 1962 चा, इलिनॉयमधल्या रॉकफर्डचा. नॉर्थ कॅरोलायना स्कूल ऑफ द आर्ट्समध्ये अभिनय शिकून तो न्यूयॉर्कला आला. सर्कल रेपर्टरी कंपनीसारख्या, नवी नाटकं करणाऱ्या मंडळींमध्ये वावरताना तो नट म्हणून कामं करत होता आणि जोडीनं छोटी नाटकं बसवतही होता. नंतर 1993 मध्ये टोनी कुशनरच्या 'एंजल्स इन अमेरिका'त त्यानं लुई आयर्नसनची भूमिका केली. दोन भाग मिळून सुमारे सात तासांचं हे नाटक. त्यातला लुई सतत बोलणारा, राजकारणापासून धर्मापर्यंत सगळ्यावर मत असणारा. आणि जोडीदाराला एड्स झाल्याचं कळल्यावर त्याला सोडून निघून जाणारा. प्रेक्षक लुईवर चिडतो. नटाला मात्र रोज रात्री त्या पळून जाण्याचं कारण आतून खरं मानून उभं राहावं लागतं. ज्याच्यावर सगळे नाराज आहेत त्याची बाजू त्याच्या कातडीतून बघायची, ही सवय अशा भूमिकेतून अंगात मुरते. पुढे दुष्ट चेटकीण ठरवल्या गेलेल्या मुलीची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा ती त्याच्या कामी आली असणार, असं मला ठामपणे वाटतं.

त्यानंतरचा क्रम बघण्यासारखा आहे. टेरेन्स मॅकनलीचं 'लव्ह! व्हॅलर! कम्पॅशन!' त्यानं बसवलं: सात नट, आठ भूमिका, एक घर, उन्हाळ्यातल्या तीन सुट्ट्या. ते 1995 मध्ये ब्रॉडवेवर गेलं आणि त्याला दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं. मग 2000 मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्को ऑपेरासाठी 'डेड मॅन वॉकिंग' या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग बसवला. ते प्रेक्षागृह 3,000 हून अधिक आसनांचं. शेवटच्या रांगेतून तिथे नटाची भुवई दिसत नाही. सगळं शरीर आणि जागा यांतून सांगावं लागतं. आणि काळाची दोरी वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरच्या हातात असते. दोन वाक्यांमध्ये किती थांबायचं, हा नाटकातला दिग्दर्शकाचा हक्काचा निर्णय तिथे संगीतकारानं आधीच घेऊन टाकलेला असतो. बोलक्या नाटकातून आलेल्या माणसाला ही मोठी शिस्त आहे.

एवढ्या मोठ्या घरातून तो पुन्हा लहान घरात आला. 2002 मध्ये लिंकन सेंटरच्या 299 आसनांच्या मिट्झी न्यूहाउस थिएटरात त्यानं 'अ मॅन ऑफ नो इम्पॉर्टन्स' हे संगीतनाटक केलं. डब्लिनमधला एक बस कंडक्टर चर्चच्या हॉलमध्ये हौशी मंडळींना घेऊन नाटक बसवतो, अशी ती गोष्ट. इथे गाणं अगदी बोलण्याच्या अंतरावरून ऐकू येतं, खोटं असेल तर लगेच कळतं. आधी प्रचंड जागा, मग हाताच्या अंतरावरचं गाणं, आणि त्यानंतर 'विकेड'. हौशी असो वा व्यावसायिक, आपल्याकडच्या ज्या नटांना हे काम खुणावतं त्यांनी हा क्रम जरूर लक्षात घ्यावा. लहान मंचाकडून मोठ्या मंचाकडे सरळ चढत गेलेला जिना इथे दिसत नाही. दर वेळी त्यानं न येणारी एक गोष्ट शिकायला मिळेल असं काम घेतलेलं दिसतं.

पडदा उघडण्याआधीची वर्षं

'विकेड'चं मूळ ग्रेगरी मॅग्वायरची 1995 ची कादंबरी. युनिव्हर्सल कंपनीच्या डोक्यात तिचा सिनेमा होता. श्वॉर्ट्झनं निर्माता मार्क प्लॅटला पटवलं की ही गोष्ट रंगभूमीची आहे.

तिथून पुढचा रस्ता आपल्या सवयीच्या तालमींपेक्षा बराच लांबचा असतो. आधी वाचनं. नट खुर्च्यांवर बसून, समोर स्टँडवर कागद ठेवून, एका पियानोवर सगळं नाटक वाचतात आणि गातात. नटांच्या युनियनचा यासाठी 29 तासांचा एक ठरलेला करारच आहे: तेवढ्या वेळात शिकायचं, वाचायचं, मोकळं व्हायचं. ना नेपथ्य, ना हालचाली. या टप्प्यावर दिग्दर्शक ऐकणारा असतो. गोष्ट कुठे रेंगाळते, कोणतं गाणं उगाच आहे, कोणत्या पात्राचं मन कळत नाही, हे तिथेच ऐकू येतं. वाचनांनंतर कार्यशाळा, मग तालमी, मग दुसऱ्या शहरात पूर्वप्रयोग.

'विकेड'चे पूर्वप्रयोग मे-जून 2003 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या करन थिएटरमध्ये झाले. त्याच जूनमध्ये मँटेलोला 'टेक मी आउट' या बेसबॉलवरच्या गद्य नाटकासाठी दिग्दर्शनाचं टोनी मिळालं. म्हणजे एकीकडे गद्य नाटकाचा सर्वोच्च सन्मान आणि दुसरीकडे अजून न जमलेलं भलंमोठं संगीतनाटक. न जमलेलं म्हणतो, कारण प्रेक्षकांसमोर एक गोष्ट उघड झाली: क्रिस्टिन चेनोवेथची ग्लिंडा, म्हणजे एल्फबाची मैत्रीण, इतकी लखलखीत होती की इडिना मेन्झेलची एल्फबा, जिची ही गोष्ट, ती मागे पडत होती. न्यूयॉर्कला जाण्याआधी काही महिन्यांचा मोकळा वेळ राखून ठेवला होता, त्यात एल्फबाची बाजू पुन्हा लिहून घट्ट केली गेली. गोष्टीतल्या ऑझच्या जादूगाराच्या भूमिकेत रॉबर्ट मोर्सच्या जागी जोएल ग्रे आला. चांगलं चाललेलं पात्र कापण्यापेक्षा मागे पडलेल्या पात्राला उभं करणं जास्त कष्टाचं असतं, आणि तोच रस्ता निवडला गेला.

दिव्यांच्या आणि यंत्रांच्या तालमी

नट-दिग्दर्शकाची खरी कसोटी लागते ती तांत्रिक तालमींत. नेपथ्य, दिवे, ध्वनी, सरकते मंच, कपडे बदलणं, हे सगळं पहिल्यांदा एकत्र येतं. या दिवसांना तिथली मंडळी 'टेन आउट ऑफ ट्वेल्व्ह' म्हणतात: युनियनच्या नियमानुसार बारा तासांच्या दिवसात दहा तास काम. नट एक वाक्य बोलतो, तीन पावलं टाकतो, आणि अंधारातून आवाज येतो, थांबा. दिवा उशिरा आला. पुन्हा. पायरी अडकली. पुन्हा. या दिवसांत अभिनय जवळजवळ बाजूला पडतो, नट खुणेच्या दगडासारखा उभा राहतो, आणि दिग्दर्शकाला त्या गोंधळातही दृश्यामागचं कारण डोक्यात धरून ठेवावं लागतं. नाचातून आलेला दिग्दर्शक इथे आपल्या घरी असतो. नटातून आलेल्यानं इथे विश्वासू सहकाऱ्यांवर टेकायला शिकलेलं असावं लागतं.

क्यू अचूक असण्याचा संबंध नुसत्या देखणेपणाशी नाही. जानेवारी 2005 मध्ये मेन्झेलच्या शेवटून दुसऱ्या प्रयोगात ती मंचातल्या सरकत्या दारातून खाली पडली आणि तिच्या बरगडीला चीर गेली.

आता पहिल्या अंकाच्या शेवटाकडे नीट बघू. ते उड्डाण तारांवर होत नाही. एल्फबा झग्याच्या आत लपवलेल्या लिफ्टवर उभी असते. सगळ्यांना आठवतं ते हे उड्डाण. पण ते गाणं सुरू होतं दोन मैत्रिणींच्या भांडणातून. ग्लिंडा एल्फबाला रागानं एक टोमणा मारते, एल्फबा जवळपास त्याच शब्दांत तो परत करते. मग एल्फबा तिला आपल्याबरोबर चल म्हणते. ग्लिंडा क्षणभर मोहात पडते, आणि जात नाही. निरोप घेताना त्या दोघी सुरुवातीचेच शब्द पुन्हा गातात, या वेळी मनापासूनच्या शुभेच्छा म्हणून. आणि त्यानंतरच एल्फबा वर जाते.

कोणत्याही नटाला विचारा, या प्रवेशाचा जीव कुठे आहे. ग्लिंडाच्या त्या न जाण्यात आहे. तिचा नकार स्पष्ट दिसला तरच एल्फबाचं वर जाणं एकटीचं वाटतं. नाहीतर ती नुसती यंत्राची करामत. म्हणून लिफ्ट हलण्याआधीची ती दोन-तीन मिनिटं जवळजवळ रिकाम्या मंचावर, दोन चेहऱ्यांवर खेळली जातात. जवळपास 1,900 आसनांच्या घरात, डोक्यावर यांत्रिक ड्रॅगन टांगलेला असताना, दोन मुलींच्या साध्या बोलण्यासाठी सगळं थांबवून ठेवायचं, याला धीर लागतो. एवढं महागडं नेपथ्य हाताशी असताना ते न वापरण्याचा निर्णय मला या दिग्दर्शनातला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो.

शुभारंभानंतर

'विकेड'ला समीक्षकांनी संमिश्र कौल दिला. 2004 च्या टोनीत सर्वोत्कृष्ट संगीतनाटकाचा मान 'अव्हेन्यू क्यू'ला गेला. मँटेलोला त्या वर्षी संगीतनाटकाच्या दिग्दर्शनाचं टोनी मिळालं खरं, पण ते 'असॅसिन्स'साठी. 'विकेड'साठी त्याचं नामांकनही नव्हतं. प्रेक्षकांनी आपलं मत वेगळ्या मार्गानं दिलं. सुमारे 1 कोटी 40 लाख डॉलरची गुंतवणूक 14 महिन्यांत वसूल झाली आणि 2016 मध्ये एकट्या ब्रॉडवेवरची तिकीटविक्री 100 कोटी डॉलरच्या पुढे गेली.

एवढा दीर्घकाळ चालणाऱ्या प्रयोगात दिग्दर्शक रोज हजर नसतो. शुभारंभाच्या आधी एका ठरलेल्या दिवशी नाटक गोठवलं जातं, म्हणजे त्यानंतर शब्द, हालचाल, दिवा काहीही बदलायचं नाही. मग सहदिग्दर्शक, नाच सांभाळणारा डान्स कॅप्टन आणि स्टेज मॅनेजर ते टिकवतात. नट बदलत राहतात. नव्या एल्फबाला कुठे उभं राहायचं ते प्रयोगाच्या नोंदींच्या पुस्तकातून कळतं. ती तिथे का उभी आहे, हे कोणीतरी बसून सांगावं लागतं. ते सांगणारी साखळी मागे तयार करून जाणं, हाही दिग्दर्शनाचा भाग आहे. आर्थिक बाजूही इथेच येते: मानधनाशिवाय, नाटक चालेल तोवर उत्पन्नातला ठरलेला वाटा दिग्दर्शकाला मिळतो. दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शकांची तिथली युनियन 1959 पासून त्यांचे हक्क सांभाळते. अशी व्यवस्था असल्यामुळेच माणूस एखाद्या नाटकाला काही वर्षं देऊ शकतो.

आपल्याकडे नट, शिक्षक आणि दिग्दर्शक ही माणसं एकच असणं नवं नाही. किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल यांनी नटांना दिलेल्या तालमी प्रसिद्धच आहेत. पण आपल्या व्यावसायिक नाटकाचं नेपथ्य टेम्पोतून येतं, प्रयोगाआधी लागतं, प्रयोगानंतर उतरतं आणि दुसऱ्या गावाला निघतं. गर्शविनसारखी वर्षानुवर्षं एकाच जागी रोवलेली यंत्रं इथे शक्यच नाहीत, त्यामुळे भव्यता माणसांतूनच उभी करावी लागते. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात पहिला प्रयोग झालेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये जब्बार पटेल यांनी ओळीत उभ्या ब्राह्मणांची भिंत केली. तीच गाते, तीच नाचते, तीच पडदा होते, आणि पाठ फिरवून सगळं लपवतेही. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या हालचाली त्या भिंतीतून वेगळ्या काढता येत नाहीत. मोठं संगीतनाटक म्हणजे मोठं बजेट असं समजणाऱ्यांनी ते एकदा तपासून बघावं.

मँटेलोनं अभिनय सोडला नाही. 2011 मध्ये 'द नॉर्मल हार्ट'मध्ये नेड वीक्स, 2017 मध्ये 'द ग्लास मेनाजरी'त सॅली फील्डबरोबर टॉम. अंधारातून सूचना देणाऱ्या माणसानं अधूनमधून स्वतः उजेडात उभं राहून सूचना घेणं, यानं त्याचं दिग्दर्शन ताजं राहिलं असावं.

त्याची एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. अमेरिकी संगीतकार-गीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांचं शेवटचं संगीतनाटक 'हिअर वी आर' हे मँटेलोनंच बसवलं. ते न्यूयॉर्कच्या 'द शेड'मध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये आलं. सॉन्डहाइम 2021 च्या नोव्हेंबरमध्ये गेले. पहिला अंक गाण्यांनी भरलेला होता, दुसऱ्या अंकात मात्र गाणी जवळजवळ नव्हतीच. दुसऱ्या अंकात काही श्रीमंत माणसं एका खोलीत अडकतात आणि काही केल्या बाहेर पडू शकत नाहीत. राहिलेली गाणी दुसऱ्या कोणाकडून करून घेण्याचा मार्ग नाटक करणाऱ्यांनी धरला नाही. लेखक डेव्हिड आइव्ह्ज आणि मँटेलो सॉन्डहाइम हयात असतानाच या निष्कर्षाला आले होते की त्या खोलीत अडकलेल्या माणसांकडे गायला कारणच उरलेलं नाही. म्हणून दुसऱ्या अंकात ती बोलतात, गप्प बसतात, आणि गात नाहीत.